पांढऱ्या कोळशाचा काळा उत्तरार्ध : रिहंद, कोयना आणि विजेचे स्थित्यंतर

१. प्रास्ताविक

गोमतीच्या पलीकडे, लखनौच्या उत्तर भागात वसलेल्या अलीगंजमध्ये ज्येष्ठ महिन्यातील प्रत्येक मंगळवार 'बडा मंगल' म्हणून पाळला जातो. उत्तरेतील हा ज्येष्ठ पौर्णिमान्त गणनेचा असतो. महाराष्ट्रातील अमान्त पंचांगात त्याचा पहिला पक्ष वैशाख वद्यात आणि दुसरा ज्येष्ठ शुद्धात मोडतो. म्हणजे हा उत्सव ऐन उन्हाळ्यातला. अलीगंजच्या हनुमान मंदिराच्या उभारणीशी परंपरा अवधच्या नवाबी घराण्यातील बेगमेचे नाव जोडते. त्यामुळे या दिवसांत रस्तोरस्ती लागणारे भंडारे आणि पाणपोया एका सामायिक नागरी संस्कृतीच्या खुणा मानल्या जातात. याच दिवसांत उत्तर प्रदेशाची विजेची मागणीही वर्षातील सर्वोच्च पातळी गाठते. २०२४ च्या जूनमध्ये तिने ३०,००० मेगावॉटची मर्यादा ओलांडली.

याच अलीगंजमध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या उत्तर विभागाचे मुख्यालय आहे. ही संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली, ती प्रामुख्याने कोळशाच्या शोधासाठी. मंदिरासमोरची रोषणाई आणि खनिजांचा हिशेब ठेवणारी कचेरी एकाच वस्तीत असणे हा योगायोग असला, तरी तो अर्थपूर्ण आहे. अलीगंजसारख्या वस्त्यांत जळणारा दिवा ज्या भूप्रदेशातून येतो, तो भूप्रदेश मात्र त्या वस्तीला सहसा दिसत नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा न दिसणारा भूप्रदेश होय. भारताच्या वीजनिर्मितीचा इतिहास सामान्यतः 'आधी कोळसा, नंतर स्वच्छ ऊर्जा' अशा सरळ क्रमाने मांडला जातो. महाराष्ट्रातील कोयना आणि उत्तर प्रदेशातील रिहंद ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता हा क्रम टिकत नाही. दोन्ही ठिकाणी अल्पकार्बन वीज आधी आली आणि कोळसा नंतर आला. रिहंदच्या बाबतीत तर जलविद्युतीसाठी बांधलेल्या जलाशयानेच कोळशाचा मार्ग मोकळा केला. इंधन बदलले, पण जमीन देणारा आणि प्रकाश घेणारा यांच्यातील नाते बदलले नाही. हे दुसरे सत्य आकडेवारीपेक्षा मराठी व हिंदी साहित्याने अधिक नेमकेपणाने नोंदवले आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. एका रूपकाचा प्रवास

जलविद्युतीला 'पांढरा कोळसा' म्हणण्याची प्रथा फ्रान्समधून आली. आल्प्सच्या पायथ्याशी, ग्रेनोब्लच्या परिसरात कागद गिरणी चालवणारे अभियंते आरिस्तीद बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही संज्ञा प्रचारात आणली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर ती सर्वत्र रूढ झाली. मूळ रूपकातील शुभ्रता हिमनद्यांची होती. सह्याद्रीत हिम नाही. येथे या शब्दाला आधार मिळाला तो पावसाळ्यात घाटमाथ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा. रूपक एका भूगोलातून दुसऱ्या भूगोलात आले, तेव्हा त्याचा रंग कायम राहिला, द्रव्य मात्र पालटले. त्याबरोबर एक महत्त्वाचा फरकही आला. मोसमी पाऊस चार महिन्यांत संपतो. म्हणून सह्याद्रीतील पांढऱ्या कोळशाला आरंभापासूनच मोठ्या साठ्याची, पर्यायाने मोठ्या बुडिताची आवश्यकता होती.

मुंबईच्या कापड गिरण्या बंगाल-बिहारच्या खाणींतून आणि समुद्रमार्गे परदेशांतून येणाऱ्या कोळशावर चालत. हा कोळसा महाग पडे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडे. जमशेटजी टाटा यांच्या निधनानंतर, १९१० मध्ये, टाटा जलविद्युत कंपनी स्थापन झाली. १९११ मध्ये लोणावळ्यानजीक वळवण धरणाची कोनशिला बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला पुरवठा सुरू झाला. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे त्यात जोडली गेली. मुंबईच्या वीज-इतिहासाचे हे वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे की, या महानगराचे औद्योगिक विद्युतीकरण प्रामुख्याने पाण्यावर झाले. ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र आले ते १९५६ मध्ये.

या यशाची दुसरी बाजू भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणाच्या निमित्ताने पुढे आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने एका खासगी कंपनीसाठी मावळातील शेतजमीन ताब्यात घेतली. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांच्या नावामागे 'सेनापती' ही उपाधी लागली ती याच लढ्यामुळे. लढ्यात सामील असलेले विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तान्त लिहून ठेवला. पुढे राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात या सत्याग्रहाला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. व्होरा यांच्या विवेचनातून एक अवघड वस्तुस्थितीही समोर येते. मुळशीच्या बऱ्याच जमिनींवर पुण्यातील सावकारांचा हक्क वा बोजा होता. त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न सावकार आणि कसणारा मावळा यांना एकाच अर्थाने भेडसावत नव्हता. १९२४ पर्यंत लढा संपला आणि धरण झाले. मुंबईचा धूर कमी करणाऱ्या विजेची किंमत मुंबईबाहेर मोजली गेली, हा आकृतिबंध येथे प्रथम स्पष्ट झाला.

३. १९६२ : दोन जलाशय

स्वातंत्र्याच्या वेळी भारताची एकूण स्थापित वीजक्षमता १,३६२ मेगावॉट होती आणि तीत ५०८ मेगावॉट जलविद्युत होती. पहिल्या तीन पंचवार्षिक योजनांत हे प्रमाण वाढत गेले. १९६६ च्या मार्चअखेर सुमारे ९,००० मेगावॉटपैकी ४,१२४ मेगावॉट, म्हणजे जवळजवळ ४६ टक्के क्षमता पाण्यावर आधारलेली होती. पंडित नेहरूंनी १९५४ मध्ये भाक्रा-नांगल येथे मोठ्या प्रकल्पांना नव्या युगाची तीर्थक्षेत्रे मानले. १९५८ मध्ये मात्र त्यांनीच भव्यतेच्या हव्यासाला एक व्याधी म्हटले. पहिले विधान पाठ्यपुस्तकांत गेले, दुसरे अभ्यासकांपुरते उरले.

रिहंद आणि कोयना या दोन्ही प्रकल्पांची कामे १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाली आणि १९६२ च्या सुमारास फळाला आली. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना प्रकल्पातून मे १९६२ मध्ये वीज मिळू लागली. सोनेची उपनदी असलेल्या रिहंदवर, तत्कालीन मिर्झापूर जिल्ह्यातील पिपरी येथे सुमारे ९१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयाला गोविंद वल्लभ पंत सागर हे नाव मिळाले. हा भाग १९८९ पासून सोनभद्र जिल्ह्यात मोडतो.

दोन्ही जलाशयांची तुलना भूगोलाच्या अंगाने उद्‌बोधक ठरते. कोयनेच्या शिवसागराचे क्षेत्र सुमारे ११५ चौरस किलोमीटर आहे, तर पंत सागराचे साडेचारशे चौरस किलोमीटरहून अधिक. तरीही टप्प्याटप्प्याने विस्तारलेल्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट झाली, आणि रिहंदची ३०० मेगावॉट राहिली. याचे कारण उताराचे आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली पोफळी परिसरातील भूमिगत वीजगृहांत सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते. रिहंदला असा कडा लाभलेला नाही. तेथे धरणाची उंची हीच पाण्याची उंची. पठारी प्रदेशात थोड्या विजेसाठी फार मोठी जमीन बुडवावी लागते, हे तत्त्व रिहंदच्या उदाहरणात ठळकपणे दिसते.

मात्र कोयनेचा हिशेबही तेवढ्याने पूर्ण होत नाही. पूर्वेकडे कृष्णेला मिळणारे पाणी घाटाखाली वळवले की ते वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळते आणि पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांना मुकते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या निवाड्यात पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्यावर वार्षिक ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. कार्बन न सोडणारी वीज ही पाण्याच्या दृष्टीने निःशुल्क नसते, याची ही वैधानिक नोंदच म्हणावी लागेल. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधावरील जागतिक संशोधनात कोयनेचे नाव तेव्हापासून अग्रभागी आहे.

दोन्हीकडे उठलेल्या लोकांसाठी त्या काळी पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. महाराष्ट्राने असा कायदा १९७६ मध्ये केला. तो येण्यास कोयनेच्या पाण्याखाली गावे गेल्यानंतर दीड दशक लागले. कोयनेचे धरणग्रस्त साताऱ्यापासून सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरले. रिहंदचे विस्थापित बहुधा जलाशयाच्या काठावरच, थोड्या उंचावर सरकले. त्यांच्या बाबतीत हे जवळ राहणेच पुढे घातक ठरले.

४. पाण्याकाठचा कोळसा

रिहंदच्या विजेचा मोठा ग्राहक रेणुकूट येथील ॲल्युमिनियम कारखाना होता. ॲल्युमिनियम वितळवणे हा अत्यंत वीजखाऊ उद्योग. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याला लवकरच रिहंदची वीज अपुरी पडू लागली आणि १९६७ मध्ये रेणुसागर येथे त्याचे स्वतःचे कोळशावरील केंद्र आले. जलविद्युतीच्या पायावर उभा राहिलेला उद्योग पाच वर्षांत कोळशाकडे वळला, ही घटना पुढील सर्व इतिहासाची नांदी ठरली.

१९७० च्या दशकात देशाचे धोरणही त्याच दिशेला गेले. १९६० च्या दशकाच्या मध्यातील अवर्षणांनी पावसावर विसंबलेल्या विजेची मर्यादा उघड केली होती. नद्यांचे आंतरराज्य तंटे लांबत होते. १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७३ च्या तेलसंकटाने देशी इंधनाला महत्त्व आणले आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्रात याच ओघात कोराडी आणि चंद्रपूर ही केंद्रे वाढली. तेव्हापासून विदर्भाचा कोळसा आणि मुंबई-पुण्याचा प्रकाश हे नवे समीकरण बनले.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार असते. तो दूरवर वाहून नेणे म्हणजे निम्मी राखच वाहून नेणे. म्हणून खाणीच्या तोंडाशीच केंद्र उभारून केवळ वीज दूर पाठवणे अधिक किफायतशीर ठरते. त्यासाठी कोळशाइतकीच पाण्याची गरज असते, कारण वाफ थंड करण्यास प्रचंड पाणी लागते. सिंगरौलीच्या कोळसापट्ट्यालगत पंत सागराचे पाणी आयतेच उपलब्ध होते. शक्तिनगर येथील सिंगरौली केंद्राचा पहिला संच १९८२ मध्ये सुरू झाला. त्या महामंडळाचे हे पहिले केंद्र. पुढे अनपरा, रिहंदनगर आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीतील विंध्याचल ही केंद्रे याच जलाशयाच्या परिसरात आली. सिंगरौली, रिहंदनगर आणि विंध्याचल या तिघांची मिळून क्षमता ९,७०० मेगावॉटहून अधिक झाली. रिहंदच्या जलविद्युतीच्या ही तीसपटीहून जास्त होय. धरणाचे पाणी वीजनिर्मितीचे साधन होते, ते आता मुख्यतः कोळशाच्या केंद्रांचे शीतलक झाले.

ही वीज दूर नेणारे मार्गही त्या काळाच्या अभियांत्रिकीचे मानबिंदू होते. १९७७ मध्ये ओबरा ते सुलतानपूर ही देशातील पहिली ४०० किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी रिहंद ते दादरी ही सुमारे ८०० किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी दिल्लीच्या परिसरापर्यंत पोहोचली. सोनभद्र-सिंगरौलीत मात्र राख, पारा आणि धूळ मागे राहिली. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सिंगरौलीची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. धरणामुळे काठावर सरकलेल्या अनेक कुटुंबांना खाणी आणि वीजकेंद्रे यांसाठी पुन्हा, काहींना त्यानंतरही पुन्हा उठावे लागले. पांढरा कोळसा आणि काळा कोळसा हे त्यांच्या आयुष्यात दोन पर्याय नव्हते. ते एकाच विस्थापनाचे दोन हप्ते होते.

५. साहित्याची नोंद

या अनुभवाची शासकीय नोंद मेगावॉट, हेक्टर आणि मोबदल्याच्या रकमा यांत होते. भाषेने केलेली नोंद वेगळी आहे. हिंदीत अशा माणसाला 'विस्थापित' म्हणतात आणि जाणाऱ्या जमिनीला 'डूब क्षेत्र'. मराठीत 'बुडीत क्षेत्र' हा समांतर शब्द असला, तरी माणसासाठी रुळलेला शब्द 'धरणग्रस्त' हा आहे. 'विस्थापित' या शब्दात जागा सुटण्याची क्रिया आहे. 'ग्रस्त' या शब्दाचा मूळ धातू 'ग्रस्', म्हणजे गिळणे. ग्रहण लागलेल्या चंद्रासाठी पंचांगात हाच शब्द येतो. हिंदी शब्द माणूस कोठून गेला हे सांगतो, मराठी शब्द त्याला कोणी गिळले हे सांगतो. पुढे 'प्रकल्पग्रस्त' हा व्यापक शब्द आला. त्यात धरण, खाण, वीजकेंद्र असे सर्व कर्ते सामावले गेले आणि नेमका कर्ता पुसट झाला.

निर्मल वर्मा यांनी १९८३ मध्ये सिंगरौलीला भेट दिली. त्यावर आधारित त्यांचा लेख 'धुंध से उठती धुन' या संग्रहात आहे. अमझर या गावाचे नाव तेथील आमराईवरून पडलेले. गाव उठणार अशी घोषणा झाल्यापासून ती झाडे सुकू लागली, ही ग्रामस्थांनी सांगितलेली हकिकत त्या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. पूर वा भूकंप ओसरल्यावर माणूस परत येतो, विकासाने उठवलेल्याला परतीची वाट नसते, हा त्यातील मुख्य विचार होय. कोयनेच्या संदर्भात या भेदाला एक करुण छटा प्राप्त होते. तेथे धरणाने उठवलेली माणसे परतली नाहीत आणि उरलेल्यांच्या वाट्याला भूकंपही आला.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आणि वीरेंद्र जैन यांची 'डूब' या दोन कादंबऱ्या एकाच वर्षी, १९९१ मध्ये प्रकाशित झाल्या. पहिलीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 'डूब'ची पार्श्वभूमी बेतवेवरील राजघाट धरणाची आहे, 'झाडाझडती'ची पश्चिम महाराष्ट्रातील धरणग्रस्तांची. मराठी कादंबरीचे लक्ष पुनर्वसनाच्या यंत्रणेकडे, कागदपत्रे, कचेऱ्या आणि दलाल यांच्याकडे आहे. हिंदी कादंबरीचा भर धरण होण्याआधीच्या दीर्घ, अनिश्चित प्रतीक्षेवर आहे. हा फरक लेखकांच्या वृत्तीपुरता मर्यादित नसावा. महाराष्ट्रात १९७६ पासून पुनर्वसनाचा कायदा होता, म्हणून अन्यायाचे रूप कायद्याच्या अंमलबजावणीत शोधता येत होते. बुंदेलखंडातील गावाला झगडण्यासाठी तेवढेही कागद हाती नव्हते. कायद्याच्या इतिहासाने कथनाचा घाट कसा ठरतो, याचे हे एक तौलनिक उदाहरण मानता येईल.

येथे एक उणीवही नोंदवणे आवश्यक आहे. विजेच्या दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे अलीगंजसारख्या प्रकाशित वस्त्यांविषयी, या साहित्यात फारसे काही आढळत नाही. विस्थापनाची कथा गावाच्या सीमेत राहते आणि शहराची कथा दिवा गृहीत धरते. दोन्ही टोके एकाच कथनात जोडणारी तार मात्र साहित्यात अजून विरळच आहे.

६. नवे पर्व, जुने तालुके

जानेवारी २००० मध्ये उत्तर प्रदेशाच्या वीज मंडळाचे विभाजन झाले आणि नोव्हेंबरमध्ये उत्तराखंड राज्य वेगळे झाले. हिमालयातील जलविद्युत केंद्रे नव्या राज्याकडे गेली. उत्तर प्रदेशाकडे रिहंद, ओबरा, माताटीला, खारा अशी मोजकी केंद्रे उरली. राज्याच्या सीमा बदलल्या म्हणून त्याचे वीजमिश्रण एका रात्रीत अधिक काळे झाले. अल्पकार्बन विजेतील १९९० च्या दशकाच्या आरंभीची महत्त्वाची भर नरोरा येथील अणुवीज केंद्राची होती, जशी महाराष्ट्रात १९६९ मध्ये तारापूरची.

२०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानानंतर चित्र पालटू लागले. मार्च २०१८ मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातील दादर कलाँ येथे ७५ मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचे उद्‌घाटन भारताचे पंतप्रधान आणि फ्रान्सचे अध्यक्ष यांच्या हस्ते झाले. हा तोच जुना मिर्झापूर, ज्याच्या दक्षिण टोकाला रिहंद बांधले गेले. 'पांढरा कोळसा' हा शब्द जेथून आला, त्या देशाचा सहभाग येथे असावा, हाही इतिहासाचा एक आवर्त. महाराष्ट्रात कोयनेच्याच पाटण तालुक्यात, वनकुसवडेच्या पठारावर, २००० च्या सुमारास पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरी येथे १,००० आणि शिरवटा येथे १,८०० मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी करार झाला. दिवसा सूर्याच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि सूर्यास्तानंतर ते खाली सोडून वीज घ्यायची, अशी ही रचना आहे. ज्या टाटा जलाशयांपासून पांढऱ्या कोळशाची कथा सुरू झाली, त्यांच्याच परिसराकडे ती शतकानंतर परत आली आहे.

२०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२२ मध्ये स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा २०३० पर्यंत अजीवाश्म स्रोतांकडून मिळवण्याचे ठरले आणि जून २०२५ मध्येच हा टप्पा गाठला गेला. तथापि स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत भेद आहे. सूर्य रात्री नसतो आणि वारा ऋतूनुसार बदलतो. त्यामुळे याच काळात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग कोळशाचाच राहिला. ज्येष्ठातील मंगळवारी दुपारी अलीगंजच्या पंख्यांना सूर्याचा हातभार लागतो, पण संध्याकाळच्या रोषणाईचा मोठा भार अद्याप सिंगरौलीसारख्या कोळसापट्ट्यांवरच पडतो.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, भारतातील अल्पकार्बन वीज ही एकविसाव्या शतकाची देणगी नाही. तिचा इतिहास शतकाहून जुना आहे आणि त्यात एक माघारही आहे. १९६६ मध्ये जवळपास निम्म्यावर आलेला पाण्याचा वाटा पुढे कोळशाने मागे ढकलला. म्हणून एखादे स्थित्यंतर सुरू झाले म्हणजे ते पूर्णत्वास जाईलच, अशी खात्री इतिहास देत नाही. रिहंदच्या जलाशयाप्रमाणे स्वच्छ ऊर्जेसाठी उभारलेली साधनेही उलट दिशेने वापरली जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. कार्बनचा हिशेब हा न्यायाच्या हिशेबाचा पर्याय ठरू शकत नाही. मुळशी आणि कोयना यांची वीज आजच्या निकषाने निर्दोष ठरेल, पण त्या निकषात मावळातील कुळे आणि पाटणचे धरणग्रस्त यांना स्थान नाही. सौर प्रकल्पाला एका मेगावॉटसाठी साधारणपणे चार ते पाच एकर जमीन लागते. ही जमीन बुडत नसली, तरी कुंपणाआड जाते आणि गायरान वा माळरान म्हणून तिच्यावर जगणाऱ्याला ती बुडाल्यासारखीच असते. 'ग्रस्त' हा शब्द मराठीने जपून ठेवला आहे, तो यासाठी की, गिळणारा बदलला तरी गिळले जाणे ओळखता यावे. नव्या विजेच्या इतिहासकाराने मेगावॉटच्या रकान्याशेजारी हा शब्द ठेवला, तर अलीगंजचा दिवा आणि अमझरची आमराई एकाच पानावर येतील. आजवरच्या स्थित्यंतरांच्या इतिहासात नेमके हेच पान कोरे राहिले आहे.